आधी छत, मग माणसं

घरात शिरलेला माणूस आधी कुठं बघतो, यावरून माझी आई त्याची पारख करते. टीव्हीकडे बघणारा बसायला आलाय, ओट्याकडे बघणारा जेवायला आलाय आणि इकडेतिकडे न बघता जो सरळ तिच्याकडे बघतो, त्याचं काहीतरी काम अडलंय. तिची ही विद्या फारशी चुकत नाही. मिस्त्रीकाकांपुढे मात्र तिनं हात टेकले होते. ते उंबऱ्यात चपला काढता काढताच मान वर करायचे आणि छताकडे बघायचे. मग दोन पावलं पुढे येऊन आमच्या घरातल्या खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे आणि हे सगळं झालं की मग त्यांना आम्ही दिसायचो. "काय वयनी, बरी मा?"

लालबागच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. नाव होतं, चांगलं देवाचं होतं, पण ते फक्त रेशनकार्डावर. वडील ज्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, तिथल्या सुतारखात्यात मिस्त्रीकाका होते. माणूस मालवणचा. मुंबईत इतकी वर्षं काढूनही रागावले की मालवणीवर जायचे, आणि रागवायला त्यांना कारण लागायचं नाही. खिळा दिसला तरी पुरायचा. "खिळो म्हणजे पावणो," ते म्हणायचे. "बसात तवसर बसात, मगे उठान जायत. बोल्ट घरचो माणूस." त्यांच्या कानावर पेन्सिल असायची, ती माझ्या लग्नातही होती. फोटोत दिसते. मी फुलं पडताना डोळे मिटून उभी आहे आणि मागे मिस्त्रीकाका पेन्सिल लावून हॉलच्या छताकडे बघतायत.

मोजायला त्यांनी कधी टेप वापरली नाही. खिशात गाठी मारलेली सुतळी असायची. "टेप आकडो सांगता, दोरी लांबी सांगता," असं त्यांचं म्हणणं. यातला फरक मी गणिताची शिक्षिका असूनही मला आजतागायत कळलेला नाही, पण त्यांचं माप कधी चुकल्याचंही मला आठवत नाही. गणपतीत लालबागला माणसांचा पूर लोटतो, मूर्ती क्षणभर दिसावी म्हणून लोक तासन्‌तास उभे राहतात. मिस्त्रीकाका रांगेतून पुढे जात, मूर्तीसमोर येत आणि मांडवाच्या वाशांकडे बघून हात जोडत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "देव आपला बघून घेता गो. ह्या पोरांच्या डोक्यार जां आसा, तां कोण बघता?"

वडील शेवटच्या आजारात हॉस्पिटलात होते, तेव्हाही हा माणूस वॉर्डात शिरला तो वर बघतच. मला इतका संताप आला. समोर मित्र नळ्या लावून पडलाय आणि हे छत बघतायत! मग ते वडिलांच्या कानाशी वाकले. "स्लॅब आसा," ते म्हणाले. "पक्को आसा. तू नीज आता बिनघोर." वडील हसले. त्या आठवड्यात ते हसलेले मी तेवढे एकदाच बघितले, म्हणून तो संताप तिथंच सोडून द्यावा लागला.

आता त्या खांबाविषयी. दहा बाय बाराची आमची खोली, चाळीच्या शेवटच्या मजल्यावरची. तिच्यात एक सागवानी खांब उभा होता. मधोमध असता तरी काही म्हणता आलं असतं. हा दारापासून तीन हात आत, किंचित डावीकडे, अशा ठिकाणी की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकानं त्याला एकदा तरी धडकावंच. मी पाचवीत असताना मिस्त्रीकाकांनी तो आणला. वडिलांना म्हणाले, "तुमका भेट." त्याला चारी बाजूंनी गुळगुळीत खुंट्या होत्या, कपडे अडकवायला. आईनं विचारलं, भाऊजी, भिंतीला चार खुंट्या मारल्या असत्या तर? त्यांनी खांब वरच्या फळ्यांना पाचर मारून घट्ट केला आणि चहा न घेता गेले. आम्ही भावंडं त्या खांबाभोवती वाढलो. माझ्या कपाळावर डाव्या बाजूला एक व्रण आहे, तो त्याचाच. पाहुणे विचारायचे, हे काय मध्येच? वडील म्हणायचे, मिस्त्रीची भेट आहे, काढता येत नाही.

खांबाच्या वर, छताच्या तुळयांवर, आमचा पोटमाळा. मंगलोरी कौलांखालची जागा, बुटक्या माणसालाही मान वाकवून उभं राहावं लागेल एवढी. शिडीनं चढायचं, छतातल्या चौकोनी तोंडातून आत जायचं आणि वरून फळ्यांचं झाकण लावून घ्यायचं. त्या माळ्यावर एक टेबल आहे. तेही मिस्त्रीकाकांनीच केलेलं. खोलीत आम्ही सहा माणसं. चौथीत माझा पहिला नंबर आल्यावर वडिलांनी ठरवलं की पोरीला अभ्यासाला जागा पाहिजे आणि खाली ती मिळणं शक्य नाही. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून ते म्हणायचे, आपल्याकडे देवघर नाही, पण अभ्यासाची जागा पाहिजे. मिस्त्रीकाकांनी गॅलरीत बसून तीन रविवार खपून टेबल केलं. देखणं, भक्कम. आणि ते झाल्यावर सगळ्या मजल्याला कळलं की ते माळ्याच्या तोंडातून वर जात नाही.

कुणीतरी सुचवलं की पाय काढा आणि वर नेऊन लावा. मिस्त्रीकाका उसळले. त्या सांध्यात एक खिळा नव्हता, लाकडात लाकूड बसवलेलं होतं, आणि एकदा बसलेला सांधा ते उकलणार नव्हते. "टेबलाचे पाय कापूचंत काय? त्यापेक्षा छत कापूया!" लोक हसले. त्यांनी करवत आणली आणि छत कापलं. माळ्याचं तोंड दीड हातानं वाढलं, टेबल वर गेलं आणि वडील महिनाभर भेटेल त्याला सांगत होते की मिस्त्रीनं माझ्या पोरीसाठी छत फाडलं. त्या टेबलावर मी दहावी, बारावी, बीए, बीएड, सगळं केलं. नंतर भावंडांनी केलं. अलीकडे माझी भाची तनू आणि चाळीतल्या तिच्या दोन मैत्रिणी तिथं बसत होत्या, तिघीही दहावीच्या.

माझ्या हातून घडलेला मूर्खपणा हा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आईच्या खोलीत लाद्या बसवून द्यायचं काढलं. आईचे गुडघे दुखत, जुनी फरशी उखडलेली, ती अडखळे. लादीवाला म्हणाला, मॅडम, हा खंबा मध्ये येतोय, कटिंग वाईट दिसेल. माझा हात आपोआप कपाळावरच्या व्रणाकडे गेला. म्हटलं, काढा. भावानं आणि लादीवाल्यानं मिळून पाचर ठोकून सैल केली, खांब काढला. खोली एकदम मोठी झाली. आईला काही ते आवडलं नाही. भंगारवाला आला तेव्हा तिनं खांब त्याला दिला नाही, जिन्याखाली पिंपामागे उभा करून ठेवायला लावला. मी म्हटलंही, आई, त्या खांबाचं आता काय लोणचं घालणार आहेस?

मिस्त्रीकाका तेव्हा विरारला मुलीकडे राहायला गेले होते. आमच्याकडे वर्षातून एकदा यायचे, बुद्धपौर्णिमेला, आईच्या खिरीसाठी. त्यामुळे खांब गेल्याचं त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

जानेवारीत माळ्याचं झाकण बसेनासं झालं. भावानं कानस घेऊन कड घासली. आठवड्यानं परत अडलं, त्यानं परत घासली. मग एक दिवस जेवताना आईच्या ताटात लाकडाचा भुसा पडला. वर बघितलं तर तोंडाजवळच्या फळ्या बोटभर खाली आलेल्या आणि एका तुळईला चीर. चाळीचे सेक्रेटरी आले, त्यांनी लांबूनच मान हलवली. म्हणाले, लोखंडी अँगल टाका आणि ते भोक कायमचं बंद करून टाका, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? भावालाही ते पटलं. तोंड बंद म्हणजे माळा बंद, आणि तनूची परीक्षा दीड महिन्यावर. खाली टीव्ही, पाहुणे, ओट्यावरची भांडी आणि चार माणसं. तिच्या मैत्रिणींच्या घरी तर त्याहून आनंद. तनू वह्या पिशवीत भरायला लागली. ते मला बघवेना. मी विरारला फोन लावला.

मी सांगितलं, काका, माळ्याचं तोंड खचलंय. त्यांनी विचारलं, "खांब खंय गेलो?"

"काढला. दिवाळीत. लाद्या बसवल्या."

"कोणी काढलो?"

"मी."

"पोरी खंय आसत?"

"वर आहेत. सामान आवरतायत."

"तेंका खाली उतरव. आत्ताच्या आत्ता. आणि त्या बाजूक कोणी फिरकू नको."

दोन तासांत ते दारात होते, खांद्याला हत्यारांची पिशवी, अडुसष्ट वर्षांचा माणूस तीन जिने चढून धापा टाकत. वर बघितलं. नेहमीसारखे दोन पावलं पुढे आले, टकटक करायला हात उचलला, आणि तिथं खांबच नव्हता. तो हात तसाच हवेत राहिलेला मला अजून दिसतो.

त्यांनी आधी दोन टेकू लावले. आमच्या नव्या लाद्यांवर जाड फळी टाकली, खालच्या मजल्याची मोठी तुळई जिथून जाते तिथं नेमकी, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की जुना खांबही बरोबर त्याच रेघेवर उभा होता. मग शिडीवर चढून त्यांनी तोंडाभोवतीच्या फळ्या उकलायला घेतल्या. एका बाजूच्या तुळईत त्यांनी पटाशी टेकवली तर ती पावात सुरी जावी तशी आत गेली. फुटक्या कौलातून पाणी मुरून ती कुजली होती. दुसऱ्या फळ्या निघाल्यावर भाऊ बॅटरी घेऊन वर वाकला आणि ओरडलाच. तोंडाजवळच्या दोन तुळया मध्येच संपत होत्या. मोडलेल्या नव्हत्या, करवतीनं सरळ कापलेल्या होत्या, आणि त्यांची टोकं कशावरच टेकलेली नव्हती. नुसती अधांतरी.

"कुठल्या गाढवानं कापल्यात या?" भाऊ म्हणाला.

"ह्या गाढवान," मिस्त्रीकाका शिडीवरून म्हणाले.

ते खाली उतरले आणि आईसमोर जमिनीवर बसले. कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. मग जे बोलले ते सावकाश, शाळेतल्या मराठीत, जणू बरीच वर्षं पाठ करून ठेवलं होतं.

"वयनी, मी गिरणीत मागाचे धोटे करायचो. धोटे आणि पेट्या. घराचं लाकूड मला माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं सुतार म्हणजे सगळं येतं, आणि मला पण तसंच वाटायचं. टेबल वर जावं म्हणून दोन तुळया कापल्या. कापलेल्या तुळईला आधाराला आडवं लाकूड द्यायचं असतं, ते मला महिन्याभरानं आमच्या हेडमिस्त्रीकडून कळलं. तोवर तुमच्या ह्यांनी माझं कौतुक सगळ्या चाळीत करून झालं होतं. तोंड उघडवेना. म्हणून खांब आणला. खुंट्या मारल्या, भेट म्हटलं. पोरगी वर अभ्यासाला बसायची आणि जीव माझा टांगणीला. नंतर हे काम शिकलो मी, ज्याला त्याला विचारून शिकलो. सगळ्या लालबाग-परळचे माळे नीट केले. तुमचा तेवढा राहिला. नीट करायला घेतला असता, तर सांगावं लागलं असतं."

मला राग आला. खरंच आला. अकरा वर्षं मी त्या अधांतरी लाकडांवर बसून गणितं सोडवली होती. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की ते टेबल वर गेलं नसतं, तर ती गणितं मी कुठं सोडवली असती कोण जाणे. शिवाय खांब त्यांनी उभा केला होता, काढला मी होता. त्यामुळे तोंड बंद ठेवणंच बरं दिसत होतं.

आई मात्र हसत होती. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "एवढा सागवानी खांब कुणी टॉवेल वाळत घालायला देतं का, भाऊजी? पण ह्यांचा तुमच्यावर जीव, म्हणून मी गप्प बसले. छत कापलंत म्हणून पोरगी शिकली. आता नीट बांधून द्या, नात शिकेल."

मग मिस्त्रीकाका आठ दिवस आमच्याकडेच राहिले. पहिले पाच दिवस तर त्यांनी करवतीला हातही लावला नाही. रोज सकाळी आंघोळ करून टेकूखालच्या प्रत्येक पाचरेवर हातोड्याचा एक घाव घालायचा, एकच, आणि मग खाली चटईवर उताणं पडून वर बघत राहायचं. भाऊ वैतागला. "काका, एकदाच हाणा ना चार. विषय संपवा."

"इतक्या वर्षांनी वाकला हा तां," ते झोपल्या झोपल्या म्हणाले. "एका दमात ताठ करूक गेलंस तर मोडतला. माणसासारखाच आसा."

सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा मिस्त्रीकाकांनी त्यांना हाताला धरून चटईवर आपल्या शेजारी आडवं केलं आणि कुठली तुळई कुठं टेकणार, ते सुतळीनं दाखवलं. अर्ध्या तासानं सेक्रेटरी उठले ते त्यांच्या घरातलं छत बघायला या, असं सांगून.

सहाव्या दिवशी फळ्या पुन्हा एका पातळीत आल्या. वखारीतून पाडलेल्या कुठल्यातरी चाळीचं जुनं सागवान आणलं होतं. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढला, दोन्ही बाजूंच्या अख्ख्या तुळयांना जोडीला नवी तुळई लावली, बोल्टांनी आवळली. राहिली ती आडवी लाकडं, तोंडाच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, कापलेली टोकं ज्यांच्यावर विसावणार ती. वखारीचं लाकूड उरलं होतं, पण मिस्त्रीकाका त्याला हात लावीनात. ते जिन्याखाली गेले आणि पिंपामागचा खांब घेऊन आले. सुतळी लावली, पेन्सिलनं खूण केली आणि खांब मधोमध कापला. दोन्ही तुकडे दोन्ही बाजूंना नेमके बसले. खाचा पाडून कापलेल्या तुळयांची टोकं त्यांनी त्यात बसवली, हातानं दाबली, आणि टेकू काढले. छत हललं नाही.

खांबाच्या खुंट्या ते तासून टाकणार होते. आईनं तीन ठेवायला लावल्या. तिघींच्या दप्तरांना, म्हणाली.

मग ते वर गेले. टेबल वर गेल्यापासून इतक्या वर्षांत हा माणूस आमच्या माळ्यावर एकदाही चढला नव्हता, हेही मला त्याच दिवशी कळलं. आम्हाला खालून आधी धाडधाड उड्या ऐकू आल्या. आई ओरडली, "भाऊजी, वयाचा काही विचार करा!" मग सगळं शांत झालं. बराच वेळ काही चाहूल नाही म्हणून मी शिडीवरून डोकावले. मिस्त्रीकाका टेबलाशी बसले होते, मान वाकवून, आणि दोन्ही हातांनी टेबलाचे सांधे चाचपत होते. मी आवाज न करता खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघी मुली वर गेल्या आणि झाकण लावून घेतलं. पूर्वीसारखं सहज बसलं ते. भावानं कानस मारलेल्या बाजूला थोडी फट राहिली आहे, तिच्यातून उजेड खाली येतो. त्यामुळे पोरी खरंच अभ्यास करतायत की दिवा मालवून गप्पा मारतायत, ते आईला ओट्यापाशी उभ्या उभ्या कळतं.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला मी सकाळीच आईकडे गेले. खीर झाली होती. अकराच्या सुमाराला जिन्यावर ओळखीची धाप ऐकू आली, आणि आम्ही सगळे, आई, भाऊ, वहिनी, तनू आणि मी, दाराकडे न बघता एकदम वर बघायला लागलो. कुणी ठरवलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, ते आले की सगळ्यांच्या माना त्यांच्या नजरेबरोबर वर जायच्या. छत सरळ होतं, खुंट्यांना तीन दप्तरं लटकत होती, आम्ही बघत राहिलो. आता ते टकटक कशावर करणार, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

टकटक झाली नाही. मी मान खाली केली. मिस्त्रीकाका उंबऱ्यात चपला काढून उभे होते आणि सरळ आईकडे बघत होते.

"वर काय बघतास?" ते म्हणाले. "मी इलंय."